गठड्यांवरच्या बाया

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे माझी यवतमाळ जिल्ह्यात गेली. टेम्पोचे कर्ज देताना विम्याची पॉलिसी मी न चुकता मागत असे. पण खरे सांगायचे तर पाहत असे एवढेच, की तिच्यावर बँकेचे नाव आहे ना आणि मुदत शिल्लक आहे ना. गाडीत कोणी बसावे, हे वाचायची उसंत ना मला होती, ना कर्जदाराला.

2004 च्या कापूस हंगामात आमच्या एका कर्जदाराचा टेम्पो पांढरकवड्याजवळ उलटला. कापसाच्या गठड्यांवर वेचणीच्या बाया बसल्या होत्या. बिचाऱ्यांनी भाडेही दिले होते. त्यातली एक गेली. हप्ता भरलेला होता, पण पॉलिसी मालवाहू गाडीची! 1994 च्या दुरुस्तीने अशा गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला तर त्याला संरक्षण मिळाले. इतर उतारूंचा भार विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी खटल्यात सांगून टाकले होते.

घरच्या मोटारीचा विमा काढून तीच भाड्याने पळवणारे किंवा केवळ सक्तीचा त्रयस्थ-विमा काढून आपली मोडलेली गाडीही भरून मिळेल असे समजणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले. त्यांची फसगत निदान पैशांवर निभावते.

इथे भरपाई मालकाच्या अंगावर आली. त्याने शेत विकले. त्यातूनच आमची थकबाकीही फिटली आणि फाइल बंद झाली. शेवटची पावती घेताना तो एवढेच म्हणाला, "साहेब, कागद तर तुमीच पायला होता नं?"