दूध पुरते की नाही, हे बाळालाच विचारा

गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातील एक आजी आपल्या सुनेला व १९ दिवसांच्या नातीला घेऊन माझ्या बेळगावच्या दवाखान्यात आल्या. पिशवीत नवी बाटली आणि दुधाच्या पावडरचा न उघडलेला डबा होता. "डॉक्टर, हिच्या अंगावर दूधच नाही. पोर रात्रभर रडते. डबा सुरू करू का, तेवढे सांगा." सून मान खाली घालून बसली होती. मी बाळाचे कपडे उतरवून वजन केले. जन्मवेळी २८०० ग्रॅम, चौथ्या दिवशी २६२० आणि आता ३०५०. म्हणजे १५ दिवसांत ४३० ग्रॅमची वाढ. दिवसाला सुमारे २९ ग्रॅम. लंगोट किती भिजतात, असे विचारताच आजी त्रासून म्हणाल्या, "रोजचे आठ-नऊ! पावसात वाळवायला दोरी पुरत नाही." उत्तर त्यांनीच दिले होते. डबा उघडावा लागला नाही.

दूध पुरत नसल्याची शंका बाळंतिणीच्या जणू पाचवीलाच पुजलेली असते. ती ज्या खुणांवरून घेतली जाते, त्या मात्र बहुधा फसव्या असतात. बाळ भुकेने रडते, तसेच ओल्याने, गरमीने किंवा केवळ कुशीत घ्यावे म्हणूनही रडते. संध्याकाळी ते तासा-तासाला पिण्यासाठी धडपडते; हा बहुतेक तान्ह्या बाळांचा स्वभावच असतो. दीड महिन्यानंतर स्तनांतील ताठरपणा जाऊन ते मऊ लागू लागतात. याचा अर्थ दूध आटले असा नसून ते मागणीप्रमाणे तयार होऊ लागले, असा आहे. हाताने पिळून चार थेंबच आले, म्हणून बाळालाही तेवढेच मिळते असे नाही. आणि बाटली तोंडात दिल्यावर बाळ घटाघटा पिते, कारण तोंडात आपोआप येणारे दूध त्याला गिळावेच लागते. तो भुकेचा पुरावा नव्हे.

ही शंका निरुपद्रवीही नसते. स्तनाचे विहिरीसारखे आहे. उपसा होत राहिला तर झरे वाहते राहतात. एका वेळी वरचे दूध दिले, की बाळ तितके कमी ओढते. कमी ओढले, की कमी दूध तयार होते. आणि आठ-पंधरा दिवसांत शंका खरी ठरते. मग दोष मात्र आईच्या अंगाला लागतो.

प्रारंभीचे प्रमाणही लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो. दिवसभराचा चीक जेमतेम वाटीच्या तळाशी राहील इतकाच असतो, आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाची गरजही तेवढीच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते. पुढे महिनाभरानंतर केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध घेते. हे मोजून पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. परंतु त्याचा हिशेब मात्र बाळ रोज देत असते.

तो हिशेब पहिल्यांदा लंगोटावर दिसतो. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर व फिकट लघवी झाली पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर चिंता नको. त्यानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडत असण्याचा संभव असतो. बाजारचे डायपर ओल शोषून घेतात व मोजणी अवघड करतात. म्हणून पहिले काही आठवडे सुती लंगोटच बरा. मात्र ही खूण बाळाला पाणी पाजत नसाल तरच खरी. पाण्याने लंगोट भिजतो, वजन वाढत नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही पहिले सहा महिने वेगळ्या पाण्याची गरज नसते.

दुसरा हिशेब शीचा. सुरुवातीची काळी, चिकट शी चौथ्या दिवसापर्यंत हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल, तर दूध पोटात जात नाही असे समजावे. याउलट, दीड महिन्याच्या पुढे वजन वाढणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही, तरी घाबरण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पाजताना पाहावयाची. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. प्रथम भरभर, मग संथ व खोल ओढणे आणि मधूनमधून गिळण्याचा आवाज, अशी ती लय असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे प्रमाण नेहमीचे आहे.

आणि शेवटचा साक्षीदार वजनाचा काटा. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. परंतु घट दहा टक्क्यांपर्यंत पोहोचली, म्हणजे ३००० ग्रॅमचे बाळ २७०० वर आले, तर त्याच दिवशी तपासणी हवी. दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन भरून यावे व त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅमची वाढ व्हावी. पुढे हा वेग मंदावतो. जुने वाढीचे तक्ते मुख्यतः डब्याच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकन बालकांवरून केलेले होते. त्यांच्याशी ताडले असता अंगावर पिणारी मुले चौथ्या महिन्यानंतर उगाचच मागे पडलेली दिसत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आईच्या दुधावर वाढलेल्या, भारतासह सहा देशांतील बालकांवरून नवे तक्ते तयार केले. वजन त्यांच्याशीच ताडावे.

येथवर वाचून कोणी असे समजू नये, की दूध कधी कमी पडतच नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, पाच दिवसांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. पहिलेच बाळंतपण. घरचे कौतुकाने सांगत होते, "फार गुणी बाळ आहे, रडत नाही, रात्रभर झोपते." मी नाळ पाहिली, डोळ्यांतील किंचित पिवळेपणा पाहिला आणि सर्व ठीक आहे असे सांगून परत पाठवले. वजन केले नाही. आठव्या दिवशी ते बाळ आले, तेव्हा त्याला तापाची कणकण होती, तोंड कोरडे पडले होते व ते उठवूनही उठत नव्हते. २९०० ग्रॅमचे बाळ २४०० वर आले होते. रक्तातील सोडियम १४५ च्या आत असावयाचे, ते १६२ झाले होते. आईची स्तनाग्रे आत वळलेली होती व बाळाच्या तोंडात दूध जातच नव्हते. उपाशी बाळ आपली शक्ती राखण्यासाठी झोपून होते, आणि आम्ही सर्वांनी त्याला गुणी ठरवले होते. अशा वेळी घाईने पाणी भरणेही घातक असते. दोन-तीन दिवस अत्यंत संथपणे उपचार करावे लागले. आईने दूध पिळून काढले व ते वाटी-चमच्याने पाजले. मुलगा वाचला, आणि महिन्याभरात अंगावर पिऊ लागला. श्रेय त्या माउलीचे. चूक माझी होती.

रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु जे बाळ खरोखर उपाशी असते, त्याच्यात रडण्याचे त्राण उरत नाही. काही दिवस आधी जन्मलेली, वजनाने कमी असलेली व कावीळ वाढत असलेली बाळे या बाबतीत विशेष जपावी लागतात. त्यांना दोन-तीन तासांनी उठवून पाजले पाहिजे. आईचा थायरॉइडचा विकार, वारेचा तुकडा आत राहणे किंवा स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, यांमुळेही क्वचित दूध खरोखर कमी येते. तेव्हा वरचे दूध द्यावे लागले, तर ते औषधासारखे, मोजून व पाजणे चालू ठेवून द्यावे. त्यात आईचा काहीच अपराध नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की काट्याला विचारल्याशिवाय डबा लिहून देऊ नये, आणि काट्याला विचारल्याशिवाय "सर्व ठीक आहे" असेही म्हणू नये. आपल्या घरांतून पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते. त्या रात्री ती बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी श्रद्धा आहे. त्याच दिवशी सकाळी बाळाला वजनासाठी घेऊन यावे. तेव्हापासून माझ्या दवाखान्यातून पहिल्या पंधरवड्यातील एकही बाळ वजन केल्यावाचून परत जात नाही. मग ते कितीही गुणी असो.