डिओडरंटच्या डबीतून रणगाडा: कल्पित युद्धांची वाहने हाताने घडविणारा छंद

ब्रिटनमधील ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या वाचकांना भविष्यकाळातील एक तरंगता रणगाडा घरच्या घरी तयार करून दाखविला होता. त्याचा मुख्य सांगाडा म्हणजे डिओडरंटची रिकामी प्लास्टिकची डबी होती. ती आडवी ठेवून तिच्यावर सुटे भाग चिकटविले गेले, रंग दिला गेला आणि टाकाऊ डबी युद्धास सज्ज झाली. टेबलावरील युद्धखेळांच्या जगात हा ‘डिओडरंट रणगाडा’ आजही आवर्जून आठवला जातो.

यात गंमत असली तरी त्यामागे निकडही होती. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ बाजारात आणला. रिक प्रिस्टली यांनी लिहिलेल्या या खेळाचे कथानक एकेचाळिसाव्या सहस्रकात घडते. नियमपुस्तकात वाहनांचे नियम होते. परंतु दुकानात मिळणाऱ्या वाहनांच्या प्रतिकृती जवळजवळ नव्हत्याच. ‘ऱ्हायनो’ हे सैनिकवाहू वाहन प्लास्टिकच्या संचाच्या रूपात १९८८ मध्ये आले. तोपर्यंत ज्याला वाहन हवे, त्याने ते स्वतः घडवावे, हाच रिवाज होता.

आज दुकानांची फडताळे तयार संचांनी भरलेली आहेत. तरीही अनेक खेळाडू प्लास्टिकचे पत्रे, जुन्या खेळण्यांचे अवशेष आणि घरातील भंगार घेऊन वाहने बांधतात. संपूर्ण वाहन कच्च्या मालापासून उभे करण्यास ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणतात. तयार संचात फेरफार करून वेगळेच वाहन साकारले, तर ते ‘कन्व्हर्जन’. अनेक संचांचे भाग एकत्र केले, तर ते ‘किटबॅशिंग’. या तिन्ही प्रकारांमागचे तंत्र समजून घेतले, की हा छंद टिकून का आहे, याचेही उत्तर मिळते.

खेळण्यांच्या सैन्याची परंपरा

लघुप्रतिकृतींच्या साहाय्याने युद्ध खेळण्याची कल्पना नवी नाही. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावर सोंगट्या हलवून ‘क्रीगस्पील’ हा खेळ खेळला जाई. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यांतील शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या लहान तोफा यांच्या आधारे घरात खेळता येईल अशा युद्धाचे नियम दिले. त्यांच्या रणभूमीवरील घरे पुठ्ठ्याची आणि लाकडी ठोकळ्यांची होती. म्हणजे खेळाचे काही साहित्य विकत आणायचे आणि उरलेले स्वतः करायचे, ही रीत या छंदाइतकीच जुनी आहे.

विज्ञानकथेतील वाहनांना आणखी एक पूर्वपरंपरा लाभली, ती पडद्यावरील प्रतिकृतींची. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृती-संचांचे भाग वापरून यंत्रे सजविली. त्या मालिकेतील एका अग्निबाणाच्या तळाच्या भिंतीवर चक्क लिंबू पिळण्याचे प्लास्टिकचे उपकरण बसविलेले होते. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयानांच्या पृष्ठभागावरही रणगाडे आणि युद्धनौकांच्या संचांमधील शेकडो बारीक तुकडे चिकटविलेले आहेत. अशा तुकड्यांना या व्यवसायात ‘ग्रीबल’ असे नाव पडले. ओळखीच्या वस्तूची दिशा आणि संदर्भ बदलला, की डोळा तिला ओळखत नाही. त्याला केवळ एक गुंतागुंतीचे यंत्र दिसते. युद्धखेळातील कारागिरीही याच तत्त्वावर उभी आहे.

मापाचे गणित

दिवाळीतील मातीच्या किल्ल्यावर महाद्वारापेक्षा मावळा उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही. युद्धखेळात मात्र हे चालत नाही. सैनिक त्या वाहनात बसू शकेल असे वाटले नाही, तर सारा आभास कोसळतो.

या प्रकारच्या खेळांतील सैनिक साधारणपणे २८ मिलिमीटर मापाचे असतात. हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरले जाते. माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १५७ सेंटीमीटर उंचीवर असतात, असे मानले तर प्रमाण अंदाजे ५६ास १ असे येते. सहा मीटर लांबीचा रणगाडा या प्रमाणात साधारण १०७ मिलिमीटरचा होईल. माणूस आत शिरू शकेल असे साठ सेंटीमीटरचे झाकण अकरा मिलिमीटरच्या आसपास आणि दोन मीटर उंचीचा दरवाजा सुमारे ३६ मिलिमीटरचा.

ऐतिहासिक रणगाड्यांचे संच ३५, ४८ किंवा ७२ास १ अशा प्रमाणांत मिळतात. त्यांपैकी ४८चे प्रमाण सोयीचे पडते. कारण या खेळांतील सैनिकांची डोकी, हात आणि शस्त्रे मुद्दाम ठसठशीत केलेली असतात आणि ते बैठकीवर उभे असल्याने अधिक उंच दिसतात. वाहन कल्पित असल्याने त्याच्या लांबीबद्दल कोणी वाद घालीत नाही. माप उघडे पडते ते माणसाच्या हाताशी संबंध असलेल्या वस्तूंमुळे: झाकण, शिडी, कठडा, दरवाजाची मूठ. एवढ्या चार गोष्टी प्रमाणात असल्या, की उरलेले वाहन विश्वासार्ह वाटते.

साहित्य आणि चिकटद्रव्ये

या कामातील मुख्य साहित्य म्हणजे पॉलिस्टायरिनचा पांढरा पत्रा. तो अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीत मिळतो. तो पूर्ण कापावा लागत नाही. कटरने एक खोल रेघ ओढून वाकविला, की त्या रेघेवर सरळ तुटतो. अर्ध्या जाडीपर्यंत रेघ ओढून हलकेच दुमडला, तर कोन असलेले चिलखत एकसंध राहते. भारतात नामफलकांसाठी वापरला जाणारा सनबोर्ड हा त्याचा स्वस्त पर्याय ठरू शकतो. मात्र त्याच्या कापलेल्या कडा सच्छिद्र दिसत असतील, तर त्या पुट्टीने बुजवाव्या लागतात.

नवख्या कारागिराची सर्वाधिक फजिती चिकटविण्यात होते. पॉलिस्टायरिनसाठीचे द्रव सिमेंट हे खऱ्या अर्थाने गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळविते आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. परंतु बाटल्यांची झाकणे आणि पेनातील रिफिल बहुधा पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांवर हे सिमेंट काम करीत नाही आणि फेविक्विकसारखा झटपट गोंदही नीट टिकत नाही. अशा वेळी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून, आरपार भोक पाडून, त्यात तारेची खुंटी बसविणे हाच खात्रीचा उपाय असतो. थर्माकोल वापरल्यास वेगळीच अडचण येते. फवाऱ्याच्या रंगातील द्रावक त्याला खाऊन टाकतो. म्हणून आधी फेविकॉलचा लेप देऊन तो पूर्ण झाकावा लागतो.

फटी बुजविण्यासाठी आणि वेल्डिंगचे व्रण दाखविण्यासाठी दोन भाग मळून वापरायची एपॉक्सी पुट्टी लागते. नळ गळू लागल्यावर घरोघरी निघणारे एम-सील याच कुळातील आहे. रिफिलच्या नळीपासून धुराडी, मच्छरदाणीच्या जाळीपासून इंजिनाच्या झडपा, शिवणाच्या सुईपासून अँटेना, अशी ही यादी कारागिराच्या नजरेप्रमाणे वाढत जाते.

बांधणीचा क्रम

अनुभवी कारागीर थेट प्लास्टिकला हात घालीत नाही. तो आधी खाऊच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कच्चा नमुना बनवितो, त्याशेजारी सैनिक उभा करतो आणि आकार पटेपर्यंत पुठ्ठा कापत राहतो. मग त्याच तुकड्यांच्या मापाने पत्रा कापला जातो. पोकळ धडाच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या बसविल्या नाहीत, तर बाजू कालांतराने आत दबतात. धड पूर्ण बंद करण्यापूर्वी तळाला एक लहान भोक ठेवणेही आवश्यक असते. अन्यथा आत कोंडलेली सिमेंटची वाफ प्लास्टिक मऊ करून ते वाकविते.

सर्वांत अवघड भाग म्हणजे साखळीपट्टे. शेकडो सारखे दुवे हाताने घडविणे अतिशय वेळखाऊ असते. म्हणून बहुतेक जण ते जुन्या संचातून घेतात, किंवा बाजूंना चिलखती पडदे लावून त्यांचा फक्त खालचा भाग दाखवितात. तरंगत्या वाहनाला पट्टे आणि चाके दोन्ही लागत नाहीत. डिओडरंटच्या डबीतून रणगाडा होऊ शकला, त्यात या सोयीचाही वाटा आहे.

त्यानंतर येतो तपशील. येथे संयम लागतो. प्रत्येक तुकड्याला काहीतरी काम असल्याचे दिसले पाहिजे: ही इंधनाची टाकी, ही हवा आत घेणारी झडप, हा दुरुस्तीचा दरवाजा. एका बाजूला लावलेला अनोळखी तुकडा दुसऱ्या बाजूलाही तसाच लावला, तर तो योगायोगाने चिकटविलेला न वाटता आराखड्याचा भाग वाटतो. शेवटी राखाडी प्रायमरचा एक हात दिला जातो. पांढरा पत्रा, हिरवी पुट्टी, निळे झाकण आणि पितळी तार हे सारे त्या क्षणी एकाच धातूचे होते. सांध्यांतील चुकाही याच वेळी दिसतात आणि त्या सुधारण्याची ही अखेरची संधी असते.

या कामात काही काळजी अपरिहार्य आहे. बोथट पाते अधिक जोर मागते आणि घसरते, म्हणून पाते वेळेवर बदलावे. सिमेंट, झटपट गोंद आणि फवाऱ्याचा रंग हवेशीर जागीच वापरावा. पुट्टी किंवा रेझिन घासताना पाण्याचा वापर करावा आणि मुखपट्टी लावावी.

घडविणारा की ग्राहक?

हा छंद केवळ हस्तकौशल्याचा प्रश्न राहिलेला नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या १९९८ मधील तिसऱ्या आवृत्तीनंतर खेळाडूने स्वतः कल्पिलेल्या वाहनाचे गुण ठरविण्याचे नियमही प्रसिद्ध झाले होते. ‘ऑर्क’ या कल्पित टोळीसाठी तर शत्रूचे वाहन लुटून ते वेडेवाकडे जोडणे, हा खेळाचाच भाग होता.

पुढे चित्र बदलले. डिसेंबर २०१० मध्ये गेम्स वर्कशॉपने चॅप्टरहाउस स्टुडिओज या लहान अमेरिकी कंपनीविरुद्ध शिकागोतील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. ही कंपनी मूळ प्रतिकृतींना जोडता येतील असे पर्यायी भाग विकत असे. २०१३ मध्ये ज्युरीने काही दावे मान्य केले, अनेक फेटाळले आणि २५ हजार डॉलरची भरपाई ठरविली. अपिलाच्या टप्प्यावर २०१४ मध्ये तडजोड झाली. त्यानंतरच्या नियमपुस्तकांत, ज्यांची प्रतिकृती कंपनी स्वतः विकत नाही अशा वाहनांना आणि पात्रांना असलेली जागा आकसत गेली. खेळाडू याचा संबंध या खटल्याशी जोडतात. नियम नसलेले वाहन कितीही देखणे असले, तरी ते एखाद्या अधिकृत वाहनाच्या नावावरच टेबलावर उतरू शकते.

अशा वाहनाबाबत स्पर्धांमध्ये रास्त अडचणही असते. या खेळांत शत्रू दिसतो की नाही, हे अनेकदा प्रतिकृतीच्या प्रत्यक्ष आकारावरून ठरते. मूळ वाहनापेक्षा बुटका रणगाडा बांधला, तर तो लपण्यास सोपा जातो आणि प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होतो. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची अधिकृत वाहनाइतकी ठेवणे आणि आयोजकांची संमती आधी घेणे, ही जाणत्या खेळाडूंची शिस्त आहे.

मोकळ्या वाटाही निर्माण झाल्या आहेत. माइक हचिन्सन यांच्या ‘गॅसलँड्स’ या २०१७ मधील खेळात उद्ध्वस्त जगातील मोटारींची झुंज असते आणि त्यासाठी हॉट व्हील्ससारख्या खेळण्यातील गाड्याच वापरल्या जातात. या गाड्या भारतातील खेळण्यांच्या दुकानांतही सहज मिळतात. त्यांवर तोफा आणि चिलखत चढविणे हे खेळाडूचे काम. त्रिमितीय छपाईने तर घरातच सुटे भाग काढण्याची सोय केली आहे. अर्थात दुसऱ्याच्या आराखड्याची नक्कल छापल्यास हक्कांचा प्रश्न तेथेही उरतोच, आणि न घट्ट झालेले द्रव रेझिन त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे अनिवार्य ठरतात.

तयार संच अधिक रेखीव असतो, वेळ वाचवितो आणि स्पर्धेत निर्विवाद चालतो. हाताने घडविलेल्या वाहनात सांधा कुठे तरी उघडा राहतो, तोफ किंचित तिरकी बसते. परंतु ते वाहन कसे चालते, त्याचे इंजिन कोठे आहे, चालक कोणत्या दाराने आत शिरतो, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या कर्त्याला शोधावी लागलेली असतात. संच विकत घेणाऱ्याला ती उत्तरे आयती मिळतात. खेळात आपण केवळ ग्राहक राहायचे की त्या कल्पित जगाचे भागीदार व्हायचे, हा निर्णय कंपनीच्या नियमपुस्तकात लिहिलेला नसतो. पुठ्ठ्याचा पहिला तुकडा कापताना तो खेळाडू स्वतः घेत असतो.