हशा, खोकला आणि हुंकार

लोकमान्यांनी 1905 साली घेतलेल्या नारायण पेठेतील गायकवाडवाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, गणेशोत्सवाच्या निमित्ताने जी व्याख्याने होत, तशा व्याख्यानांचे वृत्तांत लिहिताना वक्त्याच्या वाक्यामागे कंसात ‘हशा’ अथवा ‘टाळ्या’ घालण्याचा मराठी वार्ताहरांचा प्रघात होता. वक्ता मध्येच खाकरला, हे मात्र कोणी लिहीत नसे. कोणता आवाज नोंदावा व कोणता गाळावा, हा विवेक त्या लेखणीत मुरलेला होता.

भाषण ऐकून ते अक्षरांत उतरविणाऱ्या यंत्रास हाच विवेक प्रयत्नपूर्वक शिकवावा लागतो. असे यंत्र ध्वनीचे सामान्यतः 25 सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाडून कोणत्या कंप्रतेस किती जोर आहे, हे पाहते. ‘आ’ म्हणताना स्वरतंतू नियमितपणे कंप पावतात, म्हणून आलेखावर समान अंतराच्या रेघा उमटतात. खोकल्याचा स्फोट एकाएकी होऊन सर्व कंप्रतांवर पसरतो. हसण्यात ‘ह’काराचे झटके लयीने परतून येतात. हे भेद न शिकविल्यास यंत्र आपल्या संग्रहातला जवळचा शब्द पुढे करते, आणि वृद्धाच्या खोकल्याचा ‘खा’ होऊन बसतो.

मुंबईची आय.आय.टी. व टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील संशोधकांनी दूरध्वनीवर मराठीतून शेतमालाचे भाव सांगणाऱ्या यंत्रणेचे काम केले, तेव्हा त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज मुद्रित करण्यात आले. बांधावरून वा बाजाराच्या रस्त्यावरून बोलणाऱ्याच्या ‘कांदा’ या शब्दामागेपुढे उसासा, खोकला, मोटारीचा भोंगा, शेजाऱ्याची बडबड हे सारे येणारच. यास्तव अशा मुद्रणांचा लेखी उतारा करताना शब्देतर आवाजांना स्वतंत्र खुणा देण्याची व यंत्राच्या दप्तरी त्यांचे वेगळे खाते उघडण्याची तजवीज करतात.

तथापि त्या खात्यातले सारेच आवाज मजकुरातून सरसकट वगळणे मला घातक वाटते. ‘कांद्याचा भाव हवा काय?’ या प्रश्नास आपल्याकडचा मनुष्य तोंड न उघडता ‘हं’ म्हणतो, आणि नको असल्यास ‘अंहं’. पहिल्यात नाकातला स्वर सलग वाहतो, दुसऱ्यात तो मध्येच तुटून पुन्हा उमटतो, आणि तेवढ्या खंडावर होकार-नकाराचा निवाडा अवलंबून असतो. विचार करताना लांबविलेला ‘अंऽऽ’ खुशाल गाळावा. पण उद्या कोर्टातील जबानी अशा यंत्राने टिपली आणि साक्षीदाराचा ‘अंहं’ श्वास समजून पुसला गेला, तर त्याचा नकारच दप्तरातून नाहीसा होईल. मराठी बोलण्याचे संग्रह सिद्ध करणाऱ्यांनी खोकल्यास खोकल्याची खूण द्यावी, परंतु ‘हं’ आणि ‘अंहं’ यांस शब्दांच्याच रांगेत बसवावे.