दोन हजार वॅटचा डबा

सेलू, कारंजा, आष्टीच्या शिवारांत हरभरा घाट्यांवर आला की जागल सुरू होते आणि तिच्यासोबत छोट्या स्पीकरची खरेदीही. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, एफएम, ब्लूटूथ, सगळं हातात मावणाऱ्या एका डब्यात. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास वावर असेल तर रात्रभर गाणी लावून रानडुकरं आणि रोही दूर ठेवायचे, एवढाच उद्देश. दुकानात प्रश्न एकच असतो, "किती वॅटचा हाय जी?" उत्तरही ठरलेलं. "दोन हजार वॅट! खोक्यावरच लिहून हाय ना भाऊ."

लिहून असतं, हे खरं. पण आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असं छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. विहिरीवरची ३ एचपीची मोटर म्हणजे सुमारे २,२४० वॅट. तिला थ्री फेज लाइन लागते, स्टार्टर लागतो, डीपी जळली की आठवडाभर चकरा माराव्या लागतात. आणि जवळपास तेवढ्याच ताकदीचा डबा मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो, यात कोणालाच काही खटकत नाही!

हिशेब अवघड नाही. अशा डब्यात बहुधा ३.७ व्होल्टची, १,२०० एमएएचची बॅटरी असते. दोन्हींचा गुणाकार केला की साठलेली ऊर्जा निघते : सुमारे ४.४ वॅट-तास. खरोखर दोन हजार वॅट खर्च झाले असते, तर ही बॅटरी आठ सेकंदांत संपली असती. तीच बॅटरी चार तास चालते, असंही त्याच खोक्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे डबा सरासरी एक वॅटच्या आसपास वीज खातो. उष्णतेत जाणारी ऊर्जाही त्यातलीच.

मग दोन हजार येतात कुठून? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा कागदोपत्री अंदाज. तो कसा काढायचा याचं सर्वमान्य प्रमाणच नाही, त्यामुळे कारखानदार छापेल तो आकडा खरा. ही लबाडी नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच नियम केला, की घरगुती अॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत शक्तीचा दावा करायचा असेल तर सलग देता येणारी शक्ती सांगा. आपल्याकडे ती 'आरएमएस' या नावाने छापतात. खोक्यावर आरएमएस ३ वॅट किंवा ५ वॅट असं लिहिलेलं दिसलं तर नाक मुरडू नका; निदान तो आकडा शक्यतेच्या कक्षेतला आहे.

बरं, वॅट खरे असले तरी दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. पाचाचे दहा वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यातून उघड्या शिवारात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक एकराच्या चौरस वावराची बाजू सुमारे ६४ मीटर. डब्यापासून मीटरभरावर ८५ डेसिबल असलेला आवाज पलीकडच्या धुऱ्यावर ४९ उरतो, साध्या बोलण्याहूनही हळू. हा ३६ डेसिबलचा खड्डा वॅटने भरायचा तर शक्ती सुमारे चार हजार पट हवी. त्यापेक्षा दोन धुऱ्यांवर दोन लहान डबे ठेवलेले बरे. जागाही बदलत राहा. एकाच ठिकाणाहून रोज येणाऱ्या आवाजाला जनावरं सरावतात. ते डुकरांना कळतं, दुकानदाराला कळत नाही.

विकत घेताना वॅट विचारण्याऐवजी ढोलकीचं किंवा खंजिरीचं भजन पूर्ण आवाजात लावून पाहा. ठेका फाटला, पत्रा वाजल्यासारखी घरघर आली, तर डबा परत द्या.

बाकीचे समज दुकानातच ऐकू येतात. तुकडोजी महाराजांची जुनी भजनं १२८ केबीपीएसवरून ३२० वर 'कन्व्हर्ट' करून दिली की सुधारतात, असं सांगतात. एमपी३ करताना गेलेला आवाज परत येत नाही. फाइल तेवढी अडीच पट फुगते आणि कार्ड लवकर भरतं. जास्त जीबी म्हणजे आवाज चांगला, हेही खोटं. जीबीने गाण्यांची संख्या वाढते, बस. कानातल्या इअरफोनने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा : ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलवर फक्त ४ तास.

आणि ६४ जीबीचं कार्ड डब्यात चाललं नाही, तर ते लगेच 'डुप्लिकेट' ठरवू नका. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट३२ पद्धतीने आखलेली येतात, त्यापुढची एक्सफॅटने, आणि स्वस्त डब्यांना बऱ्याचदा फक्त फॅट३२ वाचता येतं. संगणकावर तसं फॉरमॅट करून बघा, पण आधी गाणी दुसरीकडे उतरवून घ्या.