जकातीचा हिशेब, सर्वांच्याच कामाचा

रमजान हा रोजा आणि नमाजचा महिना, तसाच हिशेबाचाही. दिवाळीत व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. अनेक मुस्लिम घरांत जमा-खर्चाची वही रमजानमध्ये उघडते. कारण जकात. वर्षभर टिकलेल्या संपत्तीतून अडीच टक्के वाटा गरजूंना देणे ऐपतदार मुस्लिमावर बंधनकारक आहे.

ऐपत कशी ठरते? त्यासाठी ‘निसाब’ ही किमान मर्यादा आहे : साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड. राहते घर, शिलाई मशीन, दुकानाचे फर्निचर यात धरत नाहीत. रोकड, विक्रीचा माल, सोने-चांदी आणि परत मिळणारी उसनवारी धरतात. त्यातून देणे वजा करायचे. समजा बँकेत 2 लाख, दुकानात 3 लाखांचा माल, 2 लाखांचे सोने आणि 1 लाख देणे आहे. उरले 6 लाख. जकात 15 हजार. या 6 लाखांनाच अर्थशास्त्रात निव्वळ मालमत्ता म्हणतात. गेवराईच्या मोंढ्यात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यानेही हे गणित मांडावे. हातात आलेली पट्टी ही कमाई नव्हे. बियाणे, खत आणि पीककर्ज वजा जाता उरते ती कमाई.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची ‘उचल’ही तशीच. मुकादमाकडून हाती पडताना ती मिळकत वाटते, पण ती फेडायची असते. म्हणजे ती देण्याच्या रकान्यात जाते. कर्जात बुडालेला माणूस जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे, हेही इथे सांगायला हवे.

सर्वांत अवघड शब्द ‘येणे’. परत मिळण्याची आशा असलेले येणे आणि आशा नसलेले येणे जकातीत वेगळे मानतात. बुडाल्यासारख्या रकमेची जकात, ती हाती येईपर्यंत द्यावी लागत नाही, असे अनेक आलिम सांगतात. बीड जिल्ह्याला हा फरक फार महागात पडून कळला. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये चढ्या व्याजाच्या आशेने पैसे ठेवलेल्यांच्या ठेवी अडकल्या. कुणाच्या मुलीचे लग्न त्यात होते, कुणाची निवृत्तीची रक्कम. पावती हातात आहे, पैसा नाही.

म्हणून ‘ठेव’ म्हणताना ती कुठे आहे, हे आधी विचारावे. बँकेतील ठेवीला 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना हे संरक्षण लागू नाही. नावात काहीही असो, पैसे भरण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारायलाच हवा.

ईदच्या आधी एका संध्याकाळी, इफ्तारनंतर, घरातल्या सर्वांना घेऊन वही उघडा. जे रोजा ठेवत नाहीत, त्यांनीही उघडावी. दोन रकाने पाडा : आपले काय आणि दुसऱ्याचे काय.