एकटा घरमालक आणि संघटनेची ताकद

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आजीने घरातली एक खोली भाड्याने दिली. मियाँ मरहूम, उत्पन्न तेवढंच. करार तोंडी. दीड वर्षाने भाडेकरू म्हणाला, "भाडं तीन हजार ठरलं होतं." आजींच्या मते पाच हजार. कागद कुठे होता?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

ही माहिती आजींना कोणी द्यायची? इथेच घरमालकांच्या संघटनेचा उपयोग आहे. कराराचा नमुना, अनुभवी वकील, कायद्यातल्या बदलांची खबर, हे सगळं सभासदाला एका ठिकाणी मिळू शकतं.

दुसरा फायदा मोठ्या लढाईचा. म्हाडा कायद्यात 1986 साली प्रकरण 8-अ आलं. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर सरकारला ती इमारत संपादित करता येते. मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. आता जुनं भाडं किती असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे! याविरुद्ध प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. 5 नोव्हेंबर 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. बत्तीस वर्षं! एकटा मालक इतकी वर्षं वकिलांची फी भरू शकला असता का?

मात्र डोळे झाकून सभासद होऊ नका. संस्था नोंदणीकृत आहे का, वर्गणीची पावती मिळते का, दरवर्षी हिशोब सभेपुढे येतो का, हे आधी विचारा. "भाडेकरूला बाहेर काढून देतो" असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूरच राहा. पाणी-वीज तोडणं हाही कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे. भाडेकरूलाही हक्क आहेत, हे चांगली संघटना आपल्या सभासदाला आधी समजावते.

आपल्या मोहल्ल्यात अशा एक-दोन खोल्यांचे मालक कितीतरी आहेत. विधवा आहेत, रिटायर्ड माणसं आहेत. मोठी संघटना जवळ नसेल तर दहा घरमालकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, एखाद्या वकिलाला बोलवावं. सुरुवात एवढीच करा: या आठवड्यात आपला करार बाहेर काढा आणि त्यावर नोंदणीचा क्रमांक आहे का, ते बघा.