बालकांचे वजन : कमी आणि जास्त

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातील गाव. जव्हार-मोखाडा म्हटले की १९९२ सालची वावर-वांगणीची बालके आठवतात, आणि आठवलीच पाहिजेत. अशा भागाच्या संदर्भात मुलांच्या लठ्ठपणावर लिहिणे काही वाचकांना थट्टा वाटेल. तो श्रीमंत घरचा आजार, असे आपण समजतो. आकडे तसे सांगत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील, उंचीच्या मानाने जादा वजनाची बालके २०१५-१६ साली शेकडा १.९ होती, २०१९-२१ मध्ये ती ४.१ झाली. देशात हेच प्रमाण २.१ वरून ३.४ वर गेले. याच काळात राज्यातील कमी वजनाची बालके शेकडा ३६ च्या आसपासच राहिली आणि वयाच्या मानाने खुजी बालके ३४.४ वरून ३५.२ झाली. जुने दुखणे घरात असतानाच नवे दुखणे आत आले आहे.

ही दोन दुखणी एकमेकांची शत्रू नाहीत, सख्खी आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन. आपली बाळे स्नायूंनी फार दुबळी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. गर्भात पोषण तुटपुंजे पडले की शरीर स्नायूंच्या वाढीत काटकसर करते आणि चरबी राखून ठेवते. अशा मुलाला पुढे बैठे जीवन आणि साखर-तेलाचे खाणे मिळाले की चरबी पोटाभोवती साठते व मधुमेह लवकर गाठतो. म्हणजे आईची आज होणारी उपासमार मुलाच्या चाळिशीत वसूल होते.

आणि ते खाणे आता पाड्यावरच्या दुकानातही टांगलेले असते. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. आई दिवसभर कामावर. रडणाऱ्या मुलाच्या हाती पाच रुपयांचे पाकीट येते. त्यात पोट भरते, पण प्रथिने व लोह मिळत नाही. नागली, वरई, उडीद पिकवणाऱ्या मुलखात हे घडावे याचे आम्हाला वाईट वाटते. दोष आईचा नाही. तिला वेळ आणि मजुरी दोन्ही अपुरी आहेत.

आपल्यापैकी जे नोकरीनिमित्त शहरात स्थिरावले, त्यांच्या घरी मात्र दुसरी गोष्ट आहे. आम्ही उपाशी राहिलो, मुलांनी तरी खावे, या मायेने ताट भरले जाते. ही माया आम्ही समजू शकतो. कोसलचा राजा पसेनदी अति जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा जाणून जेवायला सांगितले. राजाने आहार हळूहळू कमी केला, असे संयुत्त निकायात आहे.

अंगणवाडीत मुलाचे वजन दरमहा होते. सहा वर्षांनंतर ते बहुधा वर्षातून एकदा, शाळेच्या तपासणीत. आमची सूचना अशी की विहारातील अभ्यासवर्गात एक वजनकाटा ठेवावा व भिंतीवर उंचीची पट्टी रंगवावी. विद्यार्थ्यांनी दर तीन महिन्यांनी दोन्ही नोंदी वहीत घ्याव्यात. नुसते वजन लिहून ठेवू नये. उंचीशिवाय त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.